खोक्यातल्या म्हातारीच्या चपला

माझ्या नातीच्या खोलीत खिडकीला पडद्याऐवजी चादर आहे. सोलापुरीच, जाड, लाल-काळ्या चौकड्यांची, चार कोपऱ्यांना खिळे मारून ठोकलेली. ऊन लागलं की तिच्या बाहुल्या पिवळ्या पडतात, म्हणून. मागचा अख्खा उन्हाळा मी त्या बाहुल्यांबरोबर काढला. त्या काचेच्या कपाटात, मी पलंगावर. त्यांच्या कपाटाला कुलूप नव्हतं, आमच्या फ्लॅटला मात्र होतं, आणि तेही बाहेरून.

घोटा मोडला नातेपुत्यात, माझ्याच घराच्या पायरीवर. बाजारातून कोथिंबीर घेऊन येत होते. जुडी हातातून सुटायला लागली, ती धरायला गेले आणि पाय मुडपला. भर दुपार, गल्लीत चिटपाखरू नाही. संध्याकाळी दूधवाला आला तेव्हा मी पायरीवर आडवी होते. कोथिंबीर मात्र हातात होती, आणि हे मी ज्याला त्याला आवर्जून सांगते. माझ्या मुलाला यात हसण्यासारखं काही वाटत नाही.

तो आला, गाडीत घालून मला सोलापूरला घेऊन गेला. घोट्यात पट्टी आणि स्क्रू बसवले, वर प्लास्टर चढवलं. "प्लास्टर निघेपर्यंत राहा," म्हणाला. पुढं "उन्हाळा सरेपर्यंत राहा" झालं. मग एक दिवस जेवताना, ताटाकडं बघतच म्हणाला, "नातेपुत्याच्या घराला एक चांगला भाडेकरू मिळतोय. बँकेतला माणूस आहे. घर बंद ठेवून काय करायचंय?"

"मी काय मेले काय?" मी विचारलं.

"आई, तसं नाही. पण तू आता तिथं एकटी कशी राहणार? दुपारभर पडून होतीस."

"कोथिंबीर धरून."

"आई!"

त्या घराला दोनच खोल्या, वर पत्रा आणि बाजाराकडं उघडणारी एक खिडकी. नवरा गेल्यावर मी तिथं एकटीनं राहायला शिकले आणि मग मला त्याची चटकच लागली. मनाला येईल तेव्हा चहा, वाटलं तर भाकरी, नाहीतर शेंगाचटणी नुसती चमच्यानं. भाडेकरूच्या हातात एकदा किल्ली पडली की मी कायमची तिसऱ्या मजल्यावर, हे मला कळत होतं. मुलालाही कळत होतं. म्हणून तर तो ताटाकडं बघत होता.

मुलगा चिंचोळीच्या एमआयडीसीत कारखान्यात, सून पतसंस्थेत. सकाळी दोघं निघाली की कुलूप. "तुम्हाला दार उघडायला उठायला लागू नये म्हणून, आत्या," सून म्हणायची. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. ती अक्कलकोटकडची. बोलते मराठी, रागावते कानडीत. मी लंगडत गॅलरीपर्यंत गेले की "सुम्न कुंड्री!", म्हणजे गप्प बसा. ती कुलूप लावायची. मग जिन्यात तिच्या पायांचा आवाज लगेच ऐकू यायचा नाही. जरा वेळानं यायचा. किल्ली पर्समध्ये ठेवत असेल असं मला वाटायचं.

मग उरायचो आम्ही. मी आणि त्या.

"बाहुल्या नाहीत गं आजी, फिगर्स," नात पुण्याहून फोनवर ओरडायची. ती तिकडं नोकरीला. जपानी चित्रमालिका, ज्यांना ही पोरं अ‍ॅनिमे म्हणतात, त्यातली पात्रं या बाहुल्यांच्या रूपानं कपाटात उभी. कुणाच्या हातात तलवार, कुणाचे केस निळे, एकीचा झगा वाऱ्यानं उडालेला, तो कायमचाच उडालेला. मला नियम दिले होते. पुसायचं ते मऊ ब्रशनं. चादर काढायची नाही. कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवायच्या नाहीत, प्लास्टिक खराब होतं. हा नियम मी दोन गोळ्या ठेवल्यानंतर तयार झाला.

सगळ्यात वरच्या फळीवर एक बंद खोकं. त्याला ब्रशसुद्धा लावायचा नाही. ती फिगर दुकानात मिळत नाही. मुंबईला या लोकांचं कन्व्हेन्शन भरतं, तिथंच मिळाली, तीही मोजक्यांना. नात पहाटेपासून रांगेत उभी होती.

"म्हणजे आपला गड्डाच की," मी म्हटलं. सोलापुरात संक्रांतीला सिद्धेश्वराची जत्रा भरते, तिला गड्डा म्हणतात. "जत्रंत मिळतं ते दुकानात न्हाय."

"हो, तसंच! पण हे उघडायचं नसतं."

"मग घ्यायचं कशाला?"

"आजी, उघडलं की संपलं ना."

खोक्याला वरच्या अर्ध्या भागात पारदर्शक खिडकी. आत एक म्हातारी. कपाटातल्या सगळ्या उड्या मारणाऱ्या पोरापोरींमध्ये ही एकटी म्हातारी, तोंडावर सुरकुत्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. कमरेखाली जपानी अक्षरांची पुठ्ठ्याची पट्टी, त्यामुळं पाय दिसत नाहीत. मी पलंगावर पडले की ती नेमकी माझ्याकडं बघायची. आम्हा दोघींची एकच तक्रार असावी असं तिचं तोंड.

तिची गोष्ट नातीनं मला ऐकवली. मालिका आधी चित्रांच्या पुस्तकातून आली. त्या पुस्तकांना मांगा म्हणतात, आणि ती उजवीकडून डावीकडं वाचायची. मी पानं उलटायचे, नात फोनवरून मराठीत सांगायची. म्हातारी एका किल्ल्याच्या दाराची पहारेकरीण. जन्मभर दार राखलं, लढाईत पोरं वाचवली, पोरं मोठी होऊन गेली. शेवटी किल्ल्यात ती एकटी. मालिकेत ती दार आतून लावते, टेकून बसते आणि तिथंच डोळे मिटते. पुस्तकात शेवटच्या पानावर शब्दच नाहीत. बंद दार, आणि आतल्या फरशीवर उभे दोन पाय. बस.

यावरून ही पोरं भांडतात! मालिका खरी की मूळ पुस्तक खरं. रविवारी दुपारी सगळी फोनवर एकत्र येतात आणि एकमेकांचे गळे धरतात. नातीनं मलाही त्यात घेतलं, पडल्या पडल्या ऐक म्हणून. मी थोडीच नुसती ऐकणार.

मुख्य भांडखोर एक मुलगा. फोटोत टोपी घालतो, म्हणून मी त्याला टोपीवाला म्हणते.

"मालिकेत सरळ दाखवलंय," तो म्हणाला. "ती पहारेकरीण आहे. जागा सोडणारच नाही. तिचं कॅरॅक्टरच ते आहे."

"आन् पुस्तकात पायात काय हाय तिच्या?" मी विचारलं.

नात घाईघाईनं म्हणाली, "ही माझी आजी."

"नमस्कार आजी. पायात गवताच्या चपला आहेत. पण ती चित्रकाराची गडबड आहे. शेवटचा भाग घाईत काढलेला."

"आरं, पण घरात चपला कोण घालतं?"

"जपानमध्ये घालत असतील."

"नाही नाही," दुसरी एक मुलगी मध्येच म्हणाली, "ते पण दारातच काढतात. पहिल्याच भागात आहे की."

"मग झालं तर!" मी पलंगावर उठूनच बसले, पाय ठणकला. "घरात हाय आन् पायात चपला हायत, म्हंजी ती निघालीया. दार उघडायच्या आधीचं चित्र हाय ते."

टोपीवाल्याला पटलं नाही. पण वाद मिटवायचा एक मार्ग आहे, असं त्यानंच सांगितलं. ही जत्रेतली फिगर मूळ चित्रकारानं स्वतः तपासून दिलेली. तिच्या पायात चपला असतील तर चित्रकाराच्या मनातच त्या होत्या. नसतील तर गडबड.

"मग बघा की पाय."

पट्टीमागं आहेत, खोकं उघडावं लागेल, सगळे म्हणाले. खोकं किती जणांकडं होतं? बऱ्याच जणांकडं. कुणी उघडलं? कुणीच नाही. आपापल्या कपाटात उत्तर ठेवून ही शहाणी माणसं वर्षभर भांडत होती.

मी पोट धरून हसले. मग हसायची थांबले, कारण मला माझ्या चपला आठवल्या.

लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला नवऱ्यानं मला गड्ड्यातून चपला आणल्या होत्या. लाल गोंडा, पट्ट्यावर जर. असल्या चपला नातेपुत्यात कुणाकडं नव्हत्या. मी काय केलं असेल? कागदात गुंडाळून ट्रंकेत ठेवल्या. आल्यागेल्या बायकांना ट्रंक उघडून दाखवायचे, हात लावू द्यायचे नाही, आणि पाणी आणायला अनवाणी जायचे. काय ती ऐट! तळपायाला भेगा आणि ट्रंकेत जर.

त्याच दिवसांत गावात तंबूतला सिनेमा आला. एका साप्ताहिकात आम्ही जी कादंबरी क्रमशः वाचायचो, तिच्यावरचाच. कादंबरीत शेवटी बाई घर सोडून जाते. सिनेमात ती दारापर्यंत जाते, रडते, आणि मागं फिरून तुळशीपुढं दिवा लावते. हातपंपावर आठवडाभर त्यावरून भांडण. धाकटी नणंद म्हणे कादंबरी खरी. आणि मी, वीस वर्षांची शहाणी, पदर खोचून सांगायचे, "सिनेमावाल्यांनी सुधारलं ते बरं केलं. बाईमाणूस जाईल कुटं?"

नणंद कळशी भरत म्हणाली, "वैनी, तुला काय कळतंय त्यातलं? तू तर चपला बी ट्रंकंत ठिवल्यास."

सगळ्या हसल्या. मी महिनाभर तिच्याशी बोलले नाही. पुढं कधीतरी चपला बाहेर काढल्या तेव्हा चामडं कडक भाकरीसारखं झालं होतं आणि माझे पाय रुंद. घातल्या, आणि पट्टा तुटला.

प्लास्टर निघालं. मुलगा म्हणाला, पुढच्या एक्स-रेनंतर भाडेकरूला किल्ली देऊन टाकू. मी म्हटलं, एक्स-रे चांगला आला तर मी माझ्या घरी. तो म्हणाला, "डॉक्टर काय म्हणतात बघू." त्याचा अर्थ नाही असा होतो, हे त्याच्या लहानपणापासून मला माहीत आहे. बघू म्हणायला त्याला मीच शिकवलं होतं.

एक्स-रेच्या आदल्या दिवशी मी पलंगावर पडून त्या म्हातारीकडं बघत होते. तिला उघडता येत नाही, पण पाय तर बघायचेत. आणि उद्या माझा पाय न उघडता बघणार आहेत. मी टुणकन उठले. म्हणजे माझ्या मनात टुणकन, प्रत्यक्षात कपाट धरून.

नातीला फोन केला. "तुझं खोकं उद्या जरा फिरवून आणते."

"कुठं?"

"डॉक्टरकडं. उघडत न्हाय. शपथ."

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग ती इतकी किंचाळली, की मी फोन कानापासून लांब धरला. "आजी! बबल रॅपमध्ये ने!"

मी जुन्या नऊवारीत गुंडाळून नेलं. पिशवीत काय आहे, सुनेनं विचारलं. जुने रिपोर्ट, मी म्हटलं.

एक्स-रे काढणारी बाई चाळिशीची, केसांत गजरा, तोंडानं फटकळ. सुनेला बाहेर बसवलं. मी पाय टेबलावर ठेवला आणि पिशवीतून खोकं काढलं.

"हे काय?"

"हिचे पाय बघायचेत. तेवढा फोटो काढा की."

"आजी, ही काय जत्रा आहे का? बाहुलीचे एक्स-रे काढले तर डॉक्टर मला घरी पाठवतील."

"मला बी घरीच जायचंय," मी म्हटलं, आणि तिला सगळं सांगितलं. किल्ला, चपला, टोपीवाला. भाडेकरू तेवढा सांगितला नाही. तिनं खोकं फिरवून बघितलं. "अगं बाई! ही तर आमच्या पोरीच्या भिंतीवर पण आहे. पोरगी जेवायला उठत नाही हिच्यापायी." मग दाराकडं नजर टाकून हळूच म्हणाली, "वेगळा काही काढता येणार नाही. पण तुमच्या पायाशेजारी प्लेटवर जागा आहे. तिथं काही पडलेलं मला दिसलं नाही, तर नाही दिसलं."

मी खोकं आडवं करून घोट्याला टेकवलं.

डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली. मी आणि सून समोर. डॉक्टरांनी ती उलटी करून पुन्हा धरली. सुनेचा चेहरा उतरला.

"हाड छान जुळलंय," अखेर ते म्हणाले. "पण आजी, या दुसऱ्या पेशंट कोण?"

"मैत्रीण हाय. तिच्या पायात चपला हायत का तेवढं सांगा."

डॉक्टर चष्मा कपाळावर चढवून वाकले. "आहेत. हे बघा, पट्टे. आणि टाचेत एक खिळा दिसतोय."

"तो तिला उभं करायला असतोय."

"तुम्हालाही त्यासाठीच घातलाय," ते म्हणाले. "काठी घ्या आणि चालायला लागा. जिना सावकाश. बसून राहिलात तर घोटा आखडेल."

"नातेपुत्याला राहिले तर चालंल?"

"कुठंही राहा. चाला म्हणजे झालं."

सुनेनं पिशवीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, कानडीत काहीतरी म्हणाली. पण गप्प बसा असं म्हणाली नाही.

फिल्मचा फोटो त्या पोरांच्या ग्रुपवर गेला आणि कल्ला झाला. 'दारातच काढतात' म्हणणाऱ्या मुलीनं लिहिलं, आजी जिंकल्या. टोपीवाल्याचं उत्तर सगळ्यात शेवटी आलं: "कारखान्याची चूक असू शकते."

मला तो एकदम ओळखीचा वाटला. नातेपुत्याच्या हातपंपावर पदर खोचून हाच तर उभा होता.

मुलाला मी काही बोलले नाही. तो यायच्या वेळेला बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले, काठी शेजारी, आणि पायात चपला घातल्या. बाहेरच्या, रबरी, नातेपुत्याच्या धुळीच्या. आमची सून घरात चपलेचं टोक चालवून घेत नाही. पाव्हण्यालासुद्धा दारात थांबवते. तिनं बघितलं, आणि माझ्या पायांभोवतीनं केर काढला.

मुलगा आला, दारात बूट काढले, आत आला.

"आई, घरात चपला?"

मी चपलेतला पाय पुढं सरकवला.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"हाड जुळलंय," सून स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "कुठंही राहा म्हणाले."

तो माझ्या पायांकडं बघत राहिला. ताटाकडं बघायचा तसा. "हाडाचं कोण बोलतंय," म्हणाला. "परत पडलीस तर? मी चिंचोळीत, तू तिथं. फोन वाजला की हातातलं काम टाकून धावतो मी, आई. तुला सगळी गंमत वाटते."

कोथिंबिरीचा विनोद तोंडापर्यंत आला होता, तो मी गिळला.

"भ्या मला बी वाटतंय," मी म्हटलं. "पायरीवर पडले तवा लई वाटलं. पण हितं तुम्ही कुलूप लावून जाता ना, तवा त्याहून जास्त वाटतंय."

"कुलूप हे नाही लावत," सून म्हणाली. "मी लावते." ती हात पुसत पुढं आली. "लावते आणि जिन्यात उभी राहते. परत उघडावं वाटतं. आत काही झालं तर आत्यांना बाहेर पण येता येणार नाही, असं येतं मनात. दिवसभर ऑफिसात तेच. मला नाही होत आता हे. तुम्ही लावा उद्यापासून."

म्हणजे ते जिन्यातलं थांबणं किल्लीसाठी नव्हतं.

मुलगा खाली बसला, माझ्या खुर्चीजवळ, फरशीवर. चपलेच्या पट्ट्याला माती होती, ती त्यानं बोटानं खरवडली. बराच वेळ खरवडत होता. मग म्हणाला, "शेजारच्या काकूंकडं एक किल्ली ठेवायची. सकाळ-संध्याकाळ फोन. आणि पायरीला मी कठडा लावून घेणार."

"लाव की. लोखंडी लाव."

"भाडेकरूला काय सांगू?"

"सांग, म्हातारी निघाली म्हणावं."

कठडा व्हायला जरा दिवस लागले. तोवर मी तिसऱ्या मजल्यावरच, पण कुलपाशिवाय. चपला मात्र काढल्या नाहीत. सून रोज त्यांच्याभोवतीनं केर काढायची. निघायच्या दिवशी तिनं माझ्या तळहातावर दही-साखर घातली आणि म्हणाली, "आता मात्र पोचल्यावर काढा हो, आत्या."

खोकं अजून नातीच्या कपाटात वरच्या फळीवर आहे, बंद. ती म्हणते उघडणार नाही. तिचं तिनं बघावं. फिल्म मात्र मी मागून आणली आणि नातेपुत्यात बाजाराकडच्या खिडकीला चिकटवली. सकाळचं ऊन आलं की तिन्ही पाय लख्ख दिसतात, माझा एक आणि तिचे दोन. माझ्यात स्क्रू, तिच्यात खिळा. कोथिंबीरवाली बाहेरून रोज विचारते, "यातला तुमचा कुठला वो, आज्जी?"

मी तिला चपलावाला दाखवते.